गर्भातली साखर, आईच्या रक्तवाहिन्या आणि डॉ. बानू कोयाजी: पुण्याच्या एका हॉस्पिटलने खेड्याचा रस्ता धरला म्हणून काय कळलं?

१९७२ चा दुष्काळ म्हटलं की महाराष्ट्रातली जुनी माणसं आजही हळवी होतात. मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामं, गुरं विकून गाव सोडणारी कुटुंबं. पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या पट्ट्याला हा दुष्काळ फार लागला.

त्याच वर्षी पुण्यातल्या एका हॉस्पिटलने नगर रोडच्या बाजूला, वढू बुद्रुकमध्ये छोटंसं काम सुरू केलं. हॉस्पिटलचं नाव केईएम. ते चालवणाऱ्या डॉक्टर होत्या पंचावन्नच्या घरातल्या एक पारशी बाई, डॉ. बानू कोयाजी.

आज गरोदर बाईला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. ती अंगाने बारीक असली, घरात कुणाला मधुमेह नसला, तरीही. बारीक बाईला साखरेची तपासणी कशाला, असा प्रश्न अनेक घरांत पडतो. या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून आलेला आहे. आणि त्या खेड्यांपर्यंत जाण्याची वाट बानूबाईंच्या आयुष्यातून जाते.

कोण होत्या बानू कोयाजी?

बानूबाईंचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या काळातला. माहेरचं आडनाव कापडिया. वडील पेस्तनजी कापडिया हे सिव्हिल इंजिनियर. शिक्षण मुंबईत झालं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून त्या डॉक्टर झाल्या आणि स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी निवडला.

लग्न झालं ते जहांगीर कोयाजी यांच्याशी. तेही इंजिनियर. त्यांचे भाऊ डॉ. एदलजी कोयाजी पुण्यातले नावाजलेले डॉक्टर होते. या दिरांच्या कामाचा बानूबाईंवर मोठा प्रभाव पडला. लग्नानंतर त्या पुण्यात आल्या आणि पुण्याच्याच झाल्या.

१९४४ मध्ये त्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या. मुंबईतही याच नावाचं मोठं हॉस्पिटल आहे, पण हे वेगळं. पुण्याचं केईएम १९१२ साली सुरू झालं होतं. बानूबाई आल्या तेव्हा ते जेमतेम ४० खाटांचं, मुख्यतः बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. थोड्या दिवसांसाठी आलेली डॉक्टर पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तिथेच राहिली. त्यांच्या कारकिर्दीत केईएम पाचशेहून अधिक खाटांचं मोठं हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र बनलं.

बाळंतपण म्हणजे दुसरा जन्म

तेव्हाचं बाळंतपण किती धोक्याचं होतं, हे एका आकड्यावरून कळतं. भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अंदाज दिला होता. दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावत होत्या. म्हणजे लाखाला २ हजार. २०१८ ते २०२० या काळात देशाचं हेच प्रमाण लाखाला ९७ वर आणि महाराष्ट्राचं ३३ वर आलं होतं.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अडलेलं मूल, झटके. कच्च्या वयातली लग्नं आणि पाठोपाठची बाळंतपणं. बायका हॉस्पिटलात यायच्या त्या सगळे उपाय थकल्यावर.

बानूबाईंनी सुरुवातीची वर्षं याच लढाईत घालवली. त्यातून त्या एका निष्कर्षावर आल्या. बाईला वाचवायचं तर तिला दोन बाळंतपणांमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळाला पाहिजे. कुटुंब नियोजन हा शब्दही चारचौघांत उच्चारायला लोक बिचकत, त्या काळात त्यांनी हा विषय लावून धरला.

हॉस्पिटल वाढत होतं, पण त्यांना एक गोष्ट खटकत होती. पुण्यात खाटा कितीही वाढवल्या तरी खेड्यातली बाई त्या खाटेपर्यंत पोहोचत नव्हती. पोहोचली तरी उशिरा.

मधुमेह तेव्हा कुठे होता?

या काळात गरोदरपणातला मधुमेह हा भारतातल्या प्रसूतिगृहांचा मुख्य विषय नव्हता. बाई रक्तस्रावाने दगावत असताना तिच्या साखरेचा विचार कोण करणार?

हा विषय तेव्हा अमेरिकेत आकार घेत होता. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. त्याआधी मधुमेह असलेल्या तरुण मुली क्वचितच आई होण्याच्या वयापर्यंत जगत. जगल्या आणि दिवस गेले, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतायचं. इन्सुलिन आलं आणि चित्र बदललं. आई वाचू लागली, पण बाळं पोटातच जाण्याचं प्रमाण मोठं होतं.

बोस्टनच्या डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी १९२४ पासून या बायकांवर उपचार केले. १९४९ मध्ये त्यांनी अशा गरोदर स्त्रियांची एक वर्गवारी मांडली. त्यात मधुमेह कोणत्या वयात सुरू झाला आणि किती वर्षं आहे हे तर होतंच, शिवाय आईच्या रक्तवाहिन्यांची अवस्था काय आहे हेही पाहिलं जायचं. डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या आणि ओटीपोटाच्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतील, तर बाळाचा धोका वाढतो, हा त्यामागचा अनुभव होता.

म्हणजे प्रश्न फक्त साखरेच्या आकड्याचा नाही, साखर ज्या नळ्यांतून वाहते त्या नळ्यांचाही आहे, ही गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती.

गर्भाशयातल्या रक्तवाहिन्यांचं नेमकं काय होतं?

पोटातलं बाळ स्वतः खात नाही, श्वास घेत नाही. त्याला सगळं मिळतं ते वारेतून. वार एका बाजूने गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते आणि दुसऱ्या बाजूने नाळेने बाळाला जोडलेली असते. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये एक पातळ पडदा असतो. त्यातून ऑक्सिजन आणि अन्न बाळाकडे जातं, टाकाऊ पदार्थ आईकडे येतात.

या व्यवस्थेत तीन ठिकाणी रक्तवाहिन्यांचं काम महत्त्वाचं असतं.

*पहिलं ठिकाण: गर्भाशयाची भिंत.* इथे स्प्रिंगसारख्या वळणावळणाच्या बारीक रोहिण्या असतात. एरवी त्या अरुंद असतात आणि त्यांच्याभोवती स्नायूंचा थर असतो. दिवस गेल्यावर वारेतल्या पेशी या रोहिण्यांमध्ये शिरतात आणि तो स्नायूंचा थर काढून टाकतात. नळाची तोटी काढून शेतात थेट पाट काढावा, तसं हे काम आहे. साधारण पाचव्या महिन्यापर्यंत ते पूर्ण होतं. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असतं. हे पाट नीट निघाले नाहीत तर बाळाला रक्त कमी पडतं आणि आईचा रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. मधुमेह असलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये असा रक्तदाब वाढण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं.

*दुसरं ठिकाण: रक्तवाहिनीचं आतलं अस्तर.* प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एक पदर असतो. हा पदर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो. त्यामुळे रक्तवाहिनी सैल होते, रक्त सहज वाहतं. शरीरात इतरत्र रक्तवाहिन्यांना मज्जातंतूंचेही हुकूम मिळतात. वार आणि नाळेच्या रक्तवाहिन्यांना मात्र मज्जातंतू नसतात. तिथे सगळा कारभार अशा रासायनिक निरोपांवर चालतो. रक्तात साखर सतत जास्त राहिली की या अस्तरावर ताण येतो, घातक रेणू वाढतात आणि नायट्रिक ऑक्साइडचा तोल बिघडतो. वाहिनी गरजेनुसार सैल व्हायला हवी, तशी होत नाही.

*तिसरं ठिकाण: वारेतलं केशवाहिन्यांचं जाळं.* आईच्या साखरेसोबत वारही बदलते. ती अनेकदा जाड आणि जड होते. आतल्या केशवाहिन्यांना जास्त फांद्या फुटतात, पण जाळं नीट पिकत नाही. रस्ते वाढले, तरी वाहतूक सुरळीत होत नाही, तसा हा प्रकार.

आता बाळाकडून बघू. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. मग जास्तीची साखर आवरायला बाळाचं स्वतःचं इन्सुलिन वाढतं. पोटातल्या बाळासाठी इन्सुलिन म्हणजे वाढीचं टॉनिक. त्याने चरबी साठते, बाळ वजनदार होतं. वाढत्या बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि नेमका तो पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांचाच तोल गेलेला असतो. साखर ताब्यात नसेल तर शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, त्यामागचं हे एक कारण आहे.

आणि आईला अनेक वर्षांचा मधुमेह असून तिच्या रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असतील, तर उलटंही घडतं. रक्त कमी पोहोचतं आणि बाळ लहान राहतं. म्हणून मधुमेह म्हणजे नेहमी मोठं बाळ, हा समज अर्धाच खरा आहे.

नगर रोडवरचं वढू

आता पुन्हा १९७२ कडे येऊ.

वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातलं गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बानूबाईंनी तिथे केईएमचं ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. दवाखाना उघडला म्हणजे लोक येतील, एवढं ते सोपं नव्हतं. म्हणून सरकारी यंत्रणेला सोबत घेऊन त्यांनी गावातल्याच माणसांना आरोग्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. गरोदर बाई कोण, कुणाचं बाळ अशक्त आहे, कुणाला लस राहिली आहे, याची खबर गावातूनच मिळायला हवी, हा विचार त्यामागे होता.

त्याच सुमारास नगर जिल्ह्यात, जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य याच दिशेने काम करत होतं. त्यांनी १९७० मध्ये सुरुवात केली होती. आज गावोगाव दिसणाऱ्या आशाताई २००५ नंतर आल्या. त्यांच्या कामाची कल्पना महाराष्ट्रात तीन दशकं आधी अशा प्रयोगांतून तपासून पाहिली गेली होती.

हा सगळा पट्टा कसा होता, हे समजायला नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. आज हे गाव पाण्याच्या हिशेबासाठी जगभर ओळखलं जातं. पण सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत विहिरी आटल्या, डोंगर उघडे पडले आणि माणसं पोट भरायला बाहेर पडली. पुढे पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरावर चर खोदले गेले, बंधारे बांधले गेले, शेतीसाठी बोअरवेल आणि उसासारखी पाणीखाऊ पिकं बंद झाली. पाणी आलं, चारा आला, दूध वाढलं, गेलेली कुटुंबं परत आली.

एका पिढीत टंचाईतून सुबत्तेकडे आलेलं गाव म्हणजे अभिमानाची गोष्ट. पण वैद्यकीय नजरेने अशा बदलात एक अवघड प्रश्न दडलेला असतो. जी मुलगी दुष्काळात अर्धपोटी आईच्या पोटी वाढली आणि जिचा स्वतःचा संसार भरल्या ताटाचा झाला, तिच्या शरीराचं काय होतं? आणि तिच्या पोटातल्या बाळाचं?

हा प्रश्न एकट्या हिवरे बाजारचा नाही. राज्यातल्या प्रत्येक दुष्काळी तालुक्याचा आहे.

दुष्काळातल्या लेकी आई झाल्या

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहाचा विभाग सुरू केला. त्यांना एक गोष्ट चक्रावून टाकत होती. पुस्तकात लिहिलं होतं की हा मधुमेह स्थूल आणि वयस्क लोकांचा. त्यांच्यासमोर येणारे रुग्ण मात्र तुलनेने तरुण आणि अंगाने बारीक होते.

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला डॉ. डेव्हिड बार्कर यांनी तेव्हा एक खळबळजनक मांडणी केली होती. जन्माला येताना वजन कमी असलेल्या लोकांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो. म्हणजे म्हातारपणीच्या आजारांची मुळं आईच्या पोटात आहेत.

हे भारतात तपासायचं तर जन्माच्या वेळची वजनं नोंदलेली हवीत. केईएमच्या प्रसूतिगृहात ती होती. तिथे जन्मलेल्या आणि चार वर्षांच्या झालेल्या तीनशेहून अधिक मुलांची तपासणी झाली. जन्मवजन कमी असलेल्या मुलांमध्ये ग्लुकोज घेतल्यानंतरची साखर आणि इन्सुलिन जास्त असल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. चार वर्षांच्या पोरांमध्ये.

मग पुढचं पाऊल. बाळ जन्मल्यावर नाही, आईला दिवस जायच्या आधीपासून अभ्यास करायचा. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत हा अभ्यास सुरू झाला. डॉ. कॅरोलिन फॉल यांच्यासह साउदॅम्प्टनचे संशोधक त्यात सोबत होते.

आता विचार करा, अशा अभ्यासाला काय लागतं. आरोग्य कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन बायकांच्या पाळीच्या तारखा लिहून घेत होत्या. नवरा, सासू, जावा यांच्यासमोर. नंतर या बायका काय खातात, किती पाणी वाहतात, शेतात किती राबतात, याची नोंद. रक्ताचे नमुने. सोनोग्राफी. बाळ जन्मलं की त्याचं वजन, उंची, दंडाचा घेर, पाठीवरच्या कातडीखालची चरबी.

अनोळखी डॉक्टरांना हे कोण करू देईल? खेड्यातल्या बाईच्या उंबरठ्यावर आधी बसायचं, मग बोलायचं, ही सवय केईएमला १९७२ पासून लागलेली होती. बानूबाई स्वतः मधुमेहाच्या संशोधक नव्हत्या. पण त्यांनी हॉस्पिटलला जी सवय लावली, तिच्याशिवाय हा अभ्यास उभा राहणं अवघड होतं.

१९९३ याच वर्षी बानूबाईंना लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी १९८९ मध्ये पद्मभूषण मिळालं होतं.

आणखी एक हिशेब लक्षात घ्या. या अभ्यासातल्या गरोदर बायकांचं सरासरी वय होतं सुमारे २१ वर्षं. म्हणजे त्यातल्या अनेकींचा जन्म १९७२ च्या दुष्काळात किंवा त्याच्या आगेमागे झालेला. सरासरी वजन सुमारे ४२ किलो. उंची पाच फुटांच्या आसपास. दुष्काळातल्या लेकी आई होत होत्या.

बारीक आई, बारीक बाळ, तरी साखर?

सुमारे ८०० गरोदर बायकांचा अभ्यास झाला. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलोच्या आसपास. साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास होतं.

बाळं लहान असणार, हे अपेक्षितच होतं. धक्का पुढे होता. पुण्याजवळच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूप लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला किरकोळ, पण शरीरात चरबीचा वाटा जास्त. पुण्याच्या आणखी काही बाळांच्या नाळेतलं रक्त लंडनच्या गोऱ्या बाळांशी ताडून पाहिलं, तेव्हा वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त आढळलं.

याज्ञिक यांचा एक फोटो तुम्ही कदाचित पाहिला असेल. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघेही छान. आतला हिशेब मात्र वेगळा.

सहा गावांतल्या त्या मुलांचा पाठपुरावा थांबला नाही. १८ व्या वर्षी त्यांची तपासणी झाली. अंगाने बहुतेक बारीकच. तरीही सुमारे २९ टक्के जणांची साखर सामान्य पातळीच्या वर होती. मुलांमध्ये हे प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त होतं. यात गर्भातली वाढ खुंटलेल्यांचा धोका अधिक दिसला.

इथे एक बारकावा आहे. त्या गावांत १९९३ च्या सुमारास गरोदरपणातला मधुमेह जवळपास नव्हताच. बायका राबत होत्या, कमी खात होत्या. म्हणजे त्या बाळांच्या वाट्याला साखरेचा मारा नव्हे, तर अन्नाची टंचाई आली होती. आजची गरोदर मुलगी वेगळ्या परिस्थितीत आहे. तिचं लहानपण कदाचित ओढगस्तीत गेलं, पण आता बैठं काम आहे, गोड चहा आहे, बेकरीचे पदार्थ आहेत. तिच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त. गरोदरपणात वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे प्रत्येकच बाईचं इन्सुलिन कमी प्रभावी ठरतं. स्वादुपिंडाने जास्त काम करून ते भरून काढायचं असतं. ज्या मुलीचं स्वादुपिंडच तुटपुंज्या अन्नावर घडलं, तिला हे जमेलच असं नाही.

मग तिची साखर वाढते. तिच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. तिच्या बाळाला जास्तीची साखर मिळते. ते मूल पुढे स्वतः मधुमेहाकडे झुकतं. ती मुलगी असेल तर तिच्या गरोदरपणात हेच चक्र पुन्हा फिरतं. आजीची भूक आणि नातवंडांची साखर यांना जोडणारा दुवा म्हणजे वार आणि तिच्या रक्तवाहिन्या.

मुलींकडे आधी बघा

बानूबाईंच्या कामातला एक धागा इथे फार महत्त्वाचा ठरतो. गरोदर बाई दवाखान्यात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो, हे त्यांनी वढूच्या पट्ट्यात पाहिलं होतं. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी गावातल्या तरुण मुलींसाठी आरोग्य आणि विकासाचा कार्यक्रम हाती घेतला. शिक्षण, शरीराची माहिती, लग्नाचं वय, स्वतःच्या पायावर उभं राहणं, असं सगळं त्यात आलं.

रक्तवाहिन्यांचं विज्ञानही आज तेच सांगतं. गर्भाशयातले ते पाट पहिल्या पाच महिन्यांत निघतात. तेव्हा अनेकींची पहिली नीट तपासणीही झालेली नसते. म्हणून तयारी दिवस जायच्या आधी हवी. २०१२ मध्ये त्याच सहा गावांत पुढचा प्रयोग सुरू झाला. १९९३ ते १९९६ मध्ये गरोदर राहिलेल्या आयांची ती बाळं आता किशोरवयीन झाली होती. त्यांना बी-१२ जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्म पोषक घटक द्यायचे आणि त्यांना मुलं होतील तेव्हा फरक पडतो का ते पाहायचं. एका अभ्यासात आजी, आई आणि नातवंड अशा तीन पिढ्या आल्या.

बानूबाई हे पाहायला नव्हत्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी केईएमची धुरा सांभाळली. सकाळ वृत्तपत्राच्या संचालक मंडळावरही त्यांनी काम केलं होतं. पुण्याच्या सार्वजनिक आयुष्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. १५ जुलै २००४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नावावर एखादा शोध किंवा एखादी शस्त्रक्रिया नाही. पण ४० खाटांच्या प्रसूतिगृहाला त्यांनी खेड्यातल्या घरापर्यंत नेलं आणि त्या घरांतून आलेल्या माहितीने जगाची मधुमेहाबद्दलची समज बदलायला मदत केली.

मग आज काय करायचं?

२००८ मध्ये ९ देशांतल्या २३ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईची साखर जसजशी वाढते तसतसा बाळाचा धोका वाढत जातो, धोका अचानक सुरू होतो अशी एकच ठळक रेषा नाही, असं त्यात दिसलं. म्हणून किंचित वाढलेल्या साखरेकडेही डोळेझाक करू नये.

- तपासणी कधी? भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या भेटीतच आणि ती सामान्य आली तर २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा. उपाशीपोटीच यायला हवं असं नाही.
- तपासणी कशी? ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजून उपचार सुरू होतात.
- बारीक बाईला गरज आहे का? हो. आपल्याकडे वजनकाटा पूर्ण गोष्ट सांगत नाही.
- उपचार काय? बहुतेकींना आहारातला बदल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणं, एवढं पुरतं. ते पुरलं नाही तर औषध किंवा इन्सुलिन. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, त्यामुळे त्याची भीती नको. मनाने उपास करणं किंवा जेवण तोडणं मात्र चुकीचं, कारण बाळाला अन्न लागतंच.
- बाळंतपणानंतर? साखर बहुतेकदा उतरते आणि घरचे सगळे विषय विसरतात. इथेच चूक होते. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची आणि त्यानंतरही नियमित करत राहायची. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजारही तिच्यात जास्त दिसतात.
- मुलींचं काय? घरातल्या वाढत्या मुलीच्या ताटात पुरेसं दूध, डाळ, भाजी आहे का, ती खेळते का, तिचं लग्न लवकर लावण्याची घाई तर होत नाही ना, हेही गरोदरपणातल्या मधुमेहाचेच प्रश्न आहेत.

ग्लुकोजच्या पाण्याचा तो ग्लास प्यायला पाच मिनिटं लागतात आणि नंतरचे दोन तास बसून काढावे लागतात. तुमच्या घरात, शेजारात कुणाला दिवस गेले असतील तर तिला ही तपासणी झाली का, एवढं विचारा. झाली नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.